कूस बदलायला कुणी शिकवलं?

मागच्या महिन्यात चारकोपमध्ये एका आजोबांना घरी जाऊन बघायचं होतं. वय ८१, अर्धांगवायूचा झटका येऊन सहा आठवडे झालेले, उजवी बाजू लुळी. घर अतिशय प्रेमाचं. सूनबाई दिवसरात्र राबत होत्या. ब्यूरोमधून दिवसपाळीला एक मावशी ठेवली होती आणि औषधांच्या दुकानातून हवेची गादीही आणली होती. तरीही माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली होती.

सूनबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "डॉक्टर, आम्ही रोज दोन वेळा स्पिरिट लावून पाठ चोळतो, वर पावडर लावतो. मग आम्ही कुठे कमी पडलो?"

थोडी चौकशी केल्यावर कळलं की गादीच्या पंपाचा आवाज होतो म्हणून रात्री तो बंद ठेवत होते. आजोबा उताणेच बरे झोपतात म्हणून त्यांना हलवत नव्हते. आणि पाठ लाल दिसली की तीच जागा आणखी जोराने चोळत होते. यातली प्रत्येक गोष्ट त्यांनी मायेपोटी केली होती आणि प्रत्येकीने जखमेला मदतच केली होती.

मी त्यांना एवढंच म्हणालो, "तुम्ही कमी पडला नाहीत. तुम्हाला हे कुणी शिकवलंच नाही."

घरी परतताना ते वाक्य डोक्यात राहिलं. शिकवणार तरी कोण? वयस्कर माणसाची शुश्रूषा ही प्रेमाने आपोआप येणारी गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती एक विद्या आहे. ती शोधून काढावी लागली, पुस्तकात लिहावी लागली आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवावी लागली. हा इतिहास फार जुना नाही. आज तो थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या घरातल्या आजी-आजोबांशी त्याचा थेट संबंध आहे.

आपल्याकडे नर्सिंग आलं तेव्हा

मुंबईत भारतीय मुलींना पद्धतशीर परिचर्या शिकवायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झालं आणि तिथे परिचारिकांचं शिक्षणही सुरू झालं. जे. जे. रुग्णालयातही प्रशिक्षण सुरू झालं. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन उभं केलं आणि तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यात विधवा स्त्रियाही होत्या. परक्या माणसाचं अंग पुसायचं, मलमूत्र काढायचं, हे 'चांगल्या घरच्या' बाईचं काम नव्हे, अशी त्या काळची समजूत होती. रमाबाईंनी समाजाचा रोष पत्करून ती मोडायला सुरुवात केली.

या मुली काय शिकत होत्या? बाळंतपण, जखमांची मलमपट्टी, साथीचे रोग. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्या वेळी त्यांचं वय ६६ होतं. म्हणजे आजच्या भाषेत त्या स्वतः ज्येष्ठ नागरिक होत्या. पण 'ज्येष्ठांची शुश्रूषा' असा विषय तेव्हाच्या अभ्यासक्रमात नव्हता आणि त्याचं कारणही उघड आहे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हासुद्धा भारतीयांचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. त्यामागचं मोठं कारण बालमृत्यू हे होतं. शिकवणाऱ्यांचं सारं लक्ष बाळंतिणी, तान्ही मुलं आणि साथीचे रोग यांच्याकडे असणं साहजिक होतं. घरात एखादी म्हातारी असायचीच, पण तिची काळजी घ्यायला माणसंही भरपूर असायची. तिच्यासाठी वेगळं शिक्षण लागेल असं कुणाला वाटलं नाही.

१९३५: दोन शहरं, दोन घटना

१९३५ मध्ये मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा झाला. 'नर्स' हा शब्द वाटेल त्याने लावायचा नाही, त्यासाठी ठरावीक शिक्षण आणि नोंदणी हवी, हे इथे कायद्याने ठरलं. आजच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं मूळ तिथे आहे.

त्याच वर्षी लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या गरिबांसाठीच्या जुन्या आश्रयगृहातले ७१४ रुग्ण सोपवले गेले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं अंथरुणात पडलेले. 'आता यांचं काही होणार नाही' असा शिक्का बसलेले.

डॉ. वॉरेन यांनी एकेकाला नीट तपासलं. त्यांच्या लक्षात आलं की यातले कितीतरी जण आजारामुळे झोपून नाहीत, तर झोपवून ठेवल्यामुळे आजारी आहेत. सांधे आखडलेले, स्नायू वाळलेले, मन खचलेलं. त्यांनी रुग्णांना उठवायला, बसवायला, चालवायला सुरुवात केली. वॉर्डात उजेड आणला. जे कायमचे तिथेच मरणार असं धरलं होतं, त्यांतले अनेक जण घरी गेले. १९४३ मध्ये त्यांनी लेख लिहून मागणी केली की वृद्धांसाठी सर्वसाधारण रुग्णालयातच वेगळा विभाग हवा आणि डॉक्टर व नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना तिथे शिकवायला हवं. म्हाताऱ्यांची काळजी कशी घ्यायची हे म्हाताऱ्यांच्या वॉर्डातच शिकता येतं, हा त्यांचा साधा मुद्दा.

१९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर या लंडनच्या डॉक्टरांनी अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक छोटा लेख लिहिला. फुप्फुसात कफ साठतो, पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, हाडं ठिसूळ होतात, लघवी अडते, बद्धकोष्ठ होतं, पाठीला जखमा होतात. 'विश्रांती' हे औषध असेल, तर त्याचे दुष्परिणामही आहेत, हे त्यांनी ठणकावून सांगितलं.

माझी चूक

हा लेख मी वाचला तेव्हा उशीर झाला होता. मी निवासी डॉक्टर असताना न्यूमोनिया झालेल्या एक ७४ वर्षांच्या आजी माझ्या वॉर्डात होत्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. वॉर्डच्या सिस्टर मला म्हणाल्या, "डॉक्टर, आजींना खुर्चीत बसवू का? जेवायला तरी बसू दे." मी केसपेपरकडे बघतच उत्तर दिलं, "नको. पूर्ण बेड रेस्ट."

दोन आठवड्यांनी एक्स-रे स्वच्छ आला. मी खूश होतो. पण आजी उभ्या राहू शकत नव्हत्या. स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या बाईला मुलाने उचलून टॅक्सीत ठेवलं. माकडहाडावर जखम होती. न्यूमोनिया मी बरा केला होता. त्यांचं चालणं मात्र मी घालवलं होतं. त्या सिस्टरना जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं आणि विचारायची नम्रताही नव्हती.

पुढे २००७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. निरोगी, वयस्कर स्वयंसेवकांना केवळ १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांच्या स्नायूंमध्ये जवळजवळ एक किलोची घट झाली. हे निरोगी लोक होते! आजारी माणसाचं काय होत असेल याचा विचार करा.

स्पिरिट, पावडर आणि डोरीन नॉर्टन

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. पाठीला स्पिरिट चोळायची पद्धत त्यांनी कुठून आणली? ती रुग्णालयांमधूनच आली आहे. कित्येक पिढ्यांच्या नर्सेसना हेच शिकवलं होतं: साबण, पाणी, स्पिरिट, पावडर आणि जोरात मालिश. काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भागही लावत.

लंडनमधल्या डोरीन नॉर्टन या परिचारिकेने हे तपासून बघायचं ठरवलं. दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी वृद्ध रुग्णांच्या परिचर्येतल्या अडचणींचा अभ्यास केला आणि तो १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की काय चोळता यापेक्षा दाब किती वेळ राहतो हे महत्त्वाचं. हाडाच्या आणि गादीच्या मध्ये कातडी चिमटली जाते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, रक्त पोहोचत नाही आणि पेशी मरतात. उपाय म्हणजे ठरावीक वेळाने कूस बदलणं.

नॉर्टन यांनी एक सोपी मोजपट्टीही दिली. पाच गोष्टी बघायच्या: शरीराची एकूण स्थिती, मनाची जागरूकता, हिंडणं-फिरणं, अंथरुणात हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकीला १ ते ४ गुण, एकूण २०. बेरीज १४ किंवा कमी आली तर जखमेचा धोका आहे असं समजून आधीच तयारीला लागायचं. परिचारिकेने, परिचारिकांसाठी, वृद्धांच्या वॉर्डात बसून तयार केलेली ही पट्टी जगभर शिकवली गेली.

परळची खोली

या विद्येची सर्वांत मोठी परीक्षा मात्र आपल्या मुंबईतच झाली.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने त्या पुन्हा कधीच पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं त्यांची शुश्रूषा के. ई. एम.च्या परिचारिकांनी केली. एक तुकडी निवृत्त झाली, दुसरी आली, मग तिसरी. ज्या मुली हल्ल्याच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या, त्या त्यांना भरवायला, पुसायला, कुशीवर वळवायला शिकल्या. वर्षानुवर्षं त्यांना तोंडाने मऊ अन्न भरवलं जात होतं. नळीची गरज लागली ती २०१० मधल्या आजारपणानंतर.

२०११ मध्ये दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांच्या सेवेची मुद्दाम दखल घेतली. इतक्या वर्षांत अरुणाताईंना एकही बेडसोर झाला नव्हता. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या, तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. पंचविशीत त्या खाटेवर आलेली मुलगी त्याच खाटेवर ज्येष्ठ नागरिक झाली होती.

दयामरणाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, यातला एक धडा वादातीत आहे. तिथे कुठली जादूची गादी नव्हती. होतं ते एकीने दुसरीला हातात हात धरून शिकवलेलं, रोज न चुकता केलेलं काम. दर पाळीला कूस बदलली, कातडी कोरडी ठेवली, घास गिळल्याची खात्री करून पुढचा घास दिला. महापालिकेच्या गर्दीच्या रुग्णालयात हे ४२ वर्षं होऊ शकतं, तर त्याचा अर्थ असा की बेडसोर हे म्हातारपणाचं प्राक्तन नाही.

पुस्तकात धडा आला, पण

भारतात हा विषय अभ्यासक्रमात हळूहळू शिरला. आधी मोठ्यांच्या आजारांच्या पुस्तकातलं एखादं प्रकरण, एवढंच. १९९९ मध्ये केंद्र सरकारचं ज्येष्ठांविषयीचं राष्ट्रीय धोरण आलं. २०१०-११ मध्ये ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला प्रादेशिक केंद्र म्हणून निवडलं गेलं. २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम जाहीर झाला, त्यातल्या एका मुख्य विषयाच्या नावातच 'जेरिअ‍ॅट्रिक नर्सिंग' हे शब्द आले. वृद्ध-परिचर्येची एक वर्षाची खास पदविकाही आहे.

वेगळा विषय कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण वयस्कर माणूस म्हणजे पांढऱ्या केसांचा तरुण नव्हे. त्यांना जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. त्याऐवजी आजी अचानक बरळायला लागतात आणि घरचे म्हणतात, 'वयामुळे झालं.' शरीरात पाणी कमी झालं तरी तहान लागत नाही. दहा गोळ्या चालू असतात आणि त्यांतल्या दोन एकमेकींशी भांडत असतात. उत्तर द्यायला त्यांना दोन क्षण जास्त लागतात, आणि घाईतली माणसं तेवढ्यात पुढे निघून जातात.

हे वाचून कळत नाही, अनुभवावं लागतं. म्हणून काही शिक्षक विद्यार्थिनींना एक खेळ करायला लावतात. कानात कापूस, चष्म्याच्या काचेवर व्हॅसलिन, बुटात डाळीचे दाणे, बोटांना चिकटपट्टी. मग सांगतात, "आता या पाकिटातून गोळ्या काढ आणि नाव वाच." पाच मिनिटांत हसणं थांबतं. 'म्हातारे हळू का असतात' हा प्रश्न त्या मुलीला पुन्हा पडत नाही.

आणि आपलं कांदिवली

२०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. महाराष्ट्रात हे प्रमाण जवळपास १० टक्के होतं, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. आकडे सोडा, आजूबाजूला बघा. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोपला छोटे भूखंड पाडून घरं देण्याची योजना आली. गिरगाव-परळच्या खोल्या सोडून तिथे संसार मांडणारी जोडपी तेव्हा तिशी-पस्तिशीत होती. आज ती सत्तरीच्या पुढे आहेत. मुलं नोकरीसाठी सकाळी आठची लोकल पकडतात आणि रात्री नऊला येतात. घरावर मजला चढवलाय आणि आजोबांची खाट वर आहे, जिना अरुंद. ही माणसं आजारी पडली की आपण ब्यूरोला फोन करतो.

ब्यूरोतून येणाऱ्या मावशी किंवा दादा बहुधा कष्टाळू असतात, पण 'सिस्टर' म्हणवणारी प्रत्येक व्यक्ती नोंदणीकृत परिचारिका नसते. इंजेक्शन, नळी, जखमेचं ड्रेसिंग यासाठी परिचारिकाच हवी. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं यासाठी प्रशिक्षित मदतनीस चालतात. म्हणून माणूस ठेवताना हे चार प्रश्न जरूर विचारा:

१. नोंदणी आहे का? परिचारिका असेल तर परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. मागायला संकोच करू नका.

२. कूस किती वेळाने बदलणार? 'सांगाल तेव्हा' हे उत्तर चालणार नाही. साधारण दर दोन तासांनी, आणि रुग्णाच्या स्थितीनुसार डॉक्टर सांगतील तसं. हवेची गादी असली तरी हे टळत नाही.

३. लाल किंवा काळपट डाग दिसला तर काय करणार? 'चोळणार' हे उत्तर चुकीचं. त्या जागेवरचा दाब काढायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून बघा: गरम, टणक किंवा आजूबाजूपेक्षा गडद लागतं का? मधे भोक असलेली रबरी रिंगही वापरू नका. तिच्या कडेने रक्त आणखी अडतं.

४. भरवताना कसं बसवणार? जितकं सरळ बसवता येईल तितकं, आणि जेवणानंतरही अर्धा तास तसंच. झोपवून भरवलेला घास श्वासनलिकेत जातो.

आणि शेवटची एक विनंती. तुमच्या सोसायटीत किंवा वस्तीत पिशवी घेऊन नर्सिंगच्या विद्यार्थिनी घरभेटीला आल्या, तर दार उघडा. वॉर्डात एखादी शिकाऊ मुलगी आजींशी बोलायला आली, तर 'शिकाऊ नको, मोठी सिस्टर पाठवा' असं म्हणू नका. सिस्टर हजर असताना तिला शिकू द्या. तुमच्या आजी तिची पाठ्यपुस्तक आहेत. आज ती त्यांच्याकडून थांबून ऐकायला शिकेल, तर वीस वर्षांनी तुमचं ऐकायला कुणीतरी असेल.

चारकोपच्या घरी त्या दिवशी मी सूनबाईंना आणि मावशींना चादरीच्या साहाय्याने आजोबांना तिरकं कसं वळवायचं, पाठीमागे उशी कशी लावायची आणि टाचा गादीपासून अधांतरी कशा ठेवायच्या, ते करून दाखवलं. वेळांचा एक कागद भिंतीला चिकटवला. जखमेच्या ड्रेसिंगसाठी नोंदणीकृत परिचारिका यायला लागली. तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा जखम भरली नव्हती, पण तळ गुलाबी झाला होता आणि कडा आत येत होत्या. गादीचा पंप रात्रीही चालू होता.

निघताना मावशी दारापर्यंत आल्या. "डॉक्टर, तो वेळांचा कागद मला अजून एक द्याल? रात्री मी दुसरीकडे जाते. तिथल्या आजींचीपण पाठ लाल झालीय."

मी दोन दिले.